उजव्या डोळ्याचा फोटो

१

पाकिटात दोन फोटो हवे होते. निघाला एकच. डावा होता, उजवा गायब. आणि कुणी कपाटाखाली वाकून बघायच्या आतच चोर कोण तेही ठरून गेलं होतं.

अरुंधतीबाई खांबेटे जिना चढून हॉलमध्ये आल्या तेव्हा अण्णासाहेब माफीनामा लिहीत होते आणि गुरुदत्त कारखानीस तो तोंडी सांगत होते. समोर चित्रा देवणीकर उभी होती. तिला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं. बाई चिंचवडच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळ्यांनी मिळून कुणाला कोपऱ्यात घेतलंय, हे त्यांना वर्गाच्या दारातूनच कळायचं.

"काय चाललंय हे?"

"बाई, मोशीच्या जोडीतला उजवा फोटो चित्राबाईंनी गहाळ केलाय," कारखानीस म्हणाले. "उद्या पाहुणे यायचेत. घरातली गोष्ट घरात मिटवतोय."

"मी गहाळ केला नाही," चित्रा म्हणाली. "आणि मी सही करणार नाही. हे मी अर्ध्या तासात चौथ्यांदा सांगतेय."

ही मंडळी कोण ते आधी सांगून टाकतो, नाहीतर सगळा गोंधळ व्हायचा. नकाशे आणि विमानातून काढलेले जमिनीचे फोटो यांचा अभ्यास करणारा एक आंतरराष्ट्रीय संघ होता, त्याची ही पिंपरी-चिंचवड शाखा. साल एकोणऐंशी. अण्णासाहेब शाखेचे अध्यक्ष, भले गृहस्थ, पण शेवटी जो बोलेल त्याचंच त्यांना पटायचं. कारखानीस चिटणीस, एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. बाकी ड्राफ्ट्समन, फोरमन, मास्तर. माणसं शिफ्ट संपवून यायची आणि जमिनीच्या चढउतारांवर हमरीतुमरीवर येऊन भांडायची. यंदा सभासदांनी नकाशा केला होता तो कारखाने येण्याआधीच्या जमिनीचा. तो बघायला संघाचे परदेशी पाहुणे उद्या रविवारी येणार होते.

मोशीच्या वाटेवरचा तुकडा चित्राच्या वाट्याला आला होता. मुलगी मूळची उदगीरकडची, इथं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात कामाला. मोशीच्या त्या तुकड्यावर आता कामगारांसाठी चार मजली इमारती उठायच्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी तिनं जुनी जोडी लावून पाहिली आणि सभेत सांगितलं, "इथं दगडाची खोल खाण होती. वरून माती टाकून बुजवलीय. चार मजले चढवलेत तर भिंती खचतील, माणसं मरतील." सगळ्यांनी बघायचं ठरलं आणि नेमकी वीज गेली. चित्रानं टॉर्च लावून सगळं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. बघायचं शनिवारवर गेलं.

आणि शनिवारी फोटो नाही. एकटा फोटो मुका असतो हो. एकच जागा विमानातून दोन ठिकाणांहून टिपायची, डावा फोटो डाव्या डोळ्यापुढं, उजवा उजव्यापुढं धरायचा, मध्ये स्टिरिओस्कोप नावाचा भिंगांचा स्टँड. मग सपाट कागदातून डोंगर उठतो, विहीर खाली जाते. जोडी मोडली की संपलं.

"भिंतीवर बघा ना," कारखानिसांनी बोट दाखवलं. डाव्या फोटोची मोठी केलेली नक्कल तिथं फ्रेममध्ये लावली होती, उत्तर दिशा वर, नकाशासारखी. "टेकाड आहे. स्वच्छ दिसतंय. जोडी लावली असती तर बाईसाहेबांचं पितळ उघडं पडलं असतं, म्हणून फोटो नाहीसा झाला. सरकारी परवानगीचा फोटो आहे. माफी मागितली तर ठीक, नाहीतर त्यांच्या ऑफिसला कळवावं लागेल."

कळवलं की नोकरी गेली, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"सहाला सभा आहे ना?" बाई म्हणाल्या. "तोवर हा कागद असाच राहू दे. कपाटाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?"

चार किल्ल्या होत्या. चित्राकडे, कारखानिसांकडे, फोटो छापणाऱ्या अनंत पानशांकडे, आणि दौलतरावांकडे. हॉल दौलतरावांचा, कपाटही त्यांनीच दिलेलं, आणि मोशीच्या इमारतींचं कंत्राटही त्यांचंच.

बाईंनी कपाटातला स्टिरिओस्कोप उचलून डोळ्यांना लावला. सगळं दोन दोन दिसलं. भिंगं फार लांब सरकवलेली होती. या यंत्राला बाजूला एक स्क्रू असतो, आपल्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर तेवढी भिंगं जवळ-लांब करायला. बसलं की आधी स्क्रू फिरवायचा, ही शाखेतली पहिली शिकवण.

"चित्रा, गुरुवारनंतर याला कुणी हात लावला?"

"नाही बाई. मीच ठेवला होता."

बाईंनी चित्राच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. निमुळता चेहरा, डोळे नाकाला लागून. त्यांनी स्क्रूला धक्का न लावता यंत्र रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं.

२

अनंत पानशांचा स्टुडिओ चिंचवड स्टेशनजवळ होता. काउंटरवर नवरा-नवरींचे फोटो वाळत पडले होते.

"बसा बाई, चहा घ्या." अनंतानं किटली उचलली, मान जराशी वाकडी केली आणि चहा ओतला तो कप चुकवून थेट बशीत. "च्! रोजचंच आहे हे," असं म्हणत त्यानं फडकं ओढलं.

"शुक्रवारी हॉलवर गेला होतास?"

"कशाला जाऊ? लग्नसराई आहे. दौलतरावांच्या पुतणीचंच लग्न होतं काल."

"म्हणजे दौलतराव तुझं गिऱ्हाईक."

"असतील!" अनंत एकदम तडकला. "म्हणून मी चोर? बाई, मी फोटो छापतो. खाण आहे का टेकाड ते तुम्ही विद्वानांनी ठरवा. मी त्या भानगडीत कधी पडत नाही."

"खरंच, तू कधीच पडत नाहीस," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं सभेला येतोस, पण स्टिरिओस्कोपवर बसून भांडताना तुला मी एकदाही पाहिलं नाही."

अनंत फडक्यानं काउंटर पुसत राहिला. पुसायला आता तिथं काही उरलं नव्हतं.

"बाई, हे सभेत काढू नका," तो हळूच म्हणाला. "हात जोडतो."

पण काय काढू नका, ते काही त्यानं सांगितलं नाही.

३

मोशीच्या वाटेवर पायाचे चर आखून झाले होते. दौलतराव बाजेवर बसून मुकादमाला शिव्या घालत होते. बाईंना पाहून त्यांनी टोपी सारखी केली.

"या बाई! बघा, कशी सपाट जमीन हाय. टेकाड होतं हितं, आमी कापून काढलं."

"दौलतराव, कापलेलं टेकाड गेलं कुठं? एवढी माती नेली कुठं?"

"गेली कुटंतरी." दौलतरावांनी तंबाखू मळायला घेतली. "तुमी कशाला खोलात शिरताय? कारखानीस सायबांनी दाखला दिलाय, जमीन पक्की हाय म्हणून. शिकला-सवरला मानूस. तुमची ती पोरगी कोन त्यांच्यापुढं?"

"तुम्ही स्वतः कधी त्या यंत्रात बघितलंय?"

"व्हय की, उद्घाटनाला! समदं दोन दोन दिसलं, डोकं उठलं. पुन्यांदा न्हाई गेलो त्या वाटंला."

"स्क्रू नाही फिरवला?"

"कसला इस्क्रू?"

बाई वळल्या. मागून दौलतरावांचा आवाज आला, आता त्यात गोडवा नव्हता. "बाई, हॉल माजा हाय. उद्या पावनं यायचेत. त्यांना काय रस्त्यावर बशिवनार?"

"वेळ आली तर रस्त्यावर बसवू," बाई म्हणाल्या. "पण एक विचारते, मोकळेपणी सांगा. या इमारतीत तुमच्या पुतणीला बिऱ्हाड द्याल?"

दौलतरावांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि मुकादमाला पुन्हा शिव्या घालायला सुरुवात केली.

४

कारखानीस निगडीला राहत. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, भिंतीवर संघाचं मानपत्र. त्यांच्या एका निबंधाला संघानं गौरवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता, तो रास्तही होता. बाईंना हा माणूस आवडायचा. चढउतार वाचायला त्यांना स्वतःला यानंच शिकवलं होतं, स्क्रू कसा फिरवायचा तेसुद्धा. आज त्याच्या दारात असं यावं लागलं, याचं बाईंना मनापासून वाईट वाटत होतं.

"शुक्रवारी मी घरीच होतो," कारखानीस चष्मा पुसत म्हणाले. तो डोळ्यांवर चढवताना काड्या कानांपाशी ताणल्या गेल्या. "ही फ्रेम बघा. माझ्या मापाची पुण्यात मिळतच नाही. मुंबईहून मागवली, तरी आखूडच."

"मोशीची जोडी तुम्ही कधी लावून पाहिली होती?"

"कधीच नाही. गरजच पडली नाही. भिंतीवरच्या फोटोत लहान पोरालाही टेकाड दिसतं. मी त्यावरूनच तर दाखला दिला."

"नुसत्या एका फोटोवरून?"

"बाई, मी पंधरा वर्षं हे काम करतोय." आवाज चढला, मग खाली आला. "हे बघा, तरुण मुलगी आहे, उत्साहाच्या भरात बोलून गेली. सही केली की विषय संपतो. तुम्ही तिला समजवा. शाखेच्या नावाचा प्रश्न आहे."

"आणि तिच्या नावाचा?"

कारखानिसांनी आत चहा सांगितला. आतून चहाचा ट्रे आला, पण बाई चहा न घेताच उठल्या. जिना उतरताना त्यांना रडू आलं. चोर कोण ते आता त्यांना कळलं होतं. सिद्ध करायला फक्त एक रुमालातलं यंत्र होतं, आणि कुणाचा हात चुकून स्क्रूला लागला की तेही गेलं.

५

सहाला हॉल भरला. अनंत मागच्या खुर्चीवर, दौलतराव पहिल्या रांगेत. माफीनामा टेबलावर, त्यावर पेन. चित्रा भिंतीला टेकून उभी होती.

"त्याआधी पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवून खाली लोहगडाची जोडी मांडली. "उद्या पाहुण्यांना ही दाखवायचीय. नीट लागलीय का बघा. चिटणीस, आधी तुम्ही."

कारखानीस आले, बसले, वाकले. "उत्तम! विंचूकाट्याची सोंड काय सुरेख उठलीय! कडा तर हातानं चाचपावा असा."

"छान. अण्णासाहेब, आता तुम्ही. स्क्रूला हात लावू नका, तसंच बघा."

अण्णासाहेबांनी डोळे लावले, मिचकावले. "मला सगळं दुहेरी दिसतंय बुवा."

दौलतरावांना दोन लोहगड दिसले. पाठोपाठ तिघे-चौघे सभासद वाकून गेले. कुणाला दोन, कुणाला नुसतं धुकं.

"अनंता, ये."

अनंत जागचा हलला नाही. मग उठला, आणि त्याचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "मी बघून उपयोग नाही. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. मला ना गड उठून दिसतो ना खड्डा. इतकी वर्षं मी तुमच्यात बसून नुसता मान डोलावत आलो. घ्या, आता काढून टाका मला!"

"काढतंय कोण? बस खाली," बाई म्हणाल्या. मग त्या कारखानिसांकडे वळल्या. "या यंत्रावर गुरुवारी शेवटची बसली चित्रा. तिनं भिंगं आपल्या डोळ्यांच्या मापानं जवळ घेतली होती. आज दुपारी मी कपाट बघितलं तेव्हा ती लांब गेलेली होती. म्हणजे मधे कुणीतरी कपाट उघडून, स्क्रू फिरवून, मोशीची जोडी बघितली आणि मग उजवा फोटो नेला. किल्ल्या चौघांकडे. दौलतरावांना स्क्रू म्हणजे काय तेच ठाऊक नाही. अनंताला यात बघून काही दिसतच नाही. आणि तुम्ही, कारखानीस, आत्ता बसलात आणि तुमचा हात स्क्रूकडे गेलासुद्धा नाही. गरजच पडली नाही. भिंगं तुमच्याच मापाला लागलेली होती."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. कारखानीस हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "चित्राबाईंनीच स्क्रू फिरवून ठेवला असेल. माझ्यावर आळ यावा म्हणून."

"मग ती बोलली असती! दुपारपासून तुम्ही तिला चोर म्हणताय, आणि तिनं स्क्रूचं नावही काढलेलं नाही. दुसऱ्यावर आळ घ्यायचा म्हणून रचलेला पुरावा कुणी कपाटात कुजवत ठेवतं का?"

"पण मी का नेईन? तिथं टेकाड आहे, भिंतीवर सगळ्यांना दिसतंय!"

"दिसतंय खरं." बाई भिंतीपाशी गेल्या. फ्रेम जड होती, चित्रानं दुसरी बाजू धरली. दोघींनी ती खाली उतरवली आणि उलटी करून पुन्हा खिळ्याला लावली, दक्षिण वर, उत्तर खाली.

पहिल्या रांगेतून कुणीतरी "अगं आई गं!" म्हणालं. जिथं टेकाड होतं तिथं आता खड्डा दिसत होता, खोल, काळा, आत उतरणाऱ्या गाडीवाटेसकट. फोटो तोच होता.

"आपल्या डोळ्यांना सवय असते, उजेड वरून येतो," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे ऊन दक्षिणेकडून पडतं, सावली उत्तरेला जाते. फोटो नकाशासारखा, उत्तर वर करून टांगला की उजेड खालून आल्यासारखा होतो. मग डोळा फसतो आणि खड्ड्याचं टेकाड करतो. म्हणून फोटो वाचताना सावली आपल्याकडे यायला हवी. हे मला कुणी शिकवलं, कारखानीस?"

कारखानीस उलट्या फ्रेमजवळ आले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "मी," ते म्हणाले. "आणि मीच विसरलो. दाखला देताना घाई होती. भिंतीकडे बघितलं आणि सही केली. गुरुवारी ही बोलली, मी रात्रभर जागा होतो. शुक्रवारी जोडी लावली तर खाण. पहिल्या दिवशी नवख्याला सांगतो ती चूक मी केली होती, बाई. उद्या पाहुण्यांसमोर, ज्यांनी मला मानपत्र दिलं त्यांच्यासमोर..."

"म्हणून माझी नोकरी घालवायची?" चित्रा पहिल्यांदाच पुढं आली. "तुमची चूक झाली, ठीक आहे, माणूस चुकतो. पण चूक कळल्यावर तुम्ही इमारत थांबवली नाही, तुम्ही मला थांबवलंत! माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईला तिथं खोली मिळालीय. तिनं पडदे शिवायला घेतलेत, साहेब!"

कारखानिसांनी बॅग उघडली. नकाशांच्या गुंडाळीत सरळ ठेवलेला, कोपराही न दुमडलेला उजवा फोटो त्यांनी टेबलावर ठेवला.

"फाडला नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाही फाडवला," ते म्हणाले.

दौलतराव तटकन उठले. "झालं तुमचं? आता माजं ऐका. हे भाईर गेलं तर उद्यापासून ह्या हॉलला कुलूप. बसा मंग बोंबलत!"

अण्णासाहेबांनी सवयीनं मान डोलवायला सुरुवात केली होती. ती मध्येच थांबली. त्यांनी चित्राकडे पाहिलं, टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच शेवटचं बोलणं स्वतः बोलले. "लावा कुलूप. अनंता, फ्रेम काढ. चला, टेबल धरा कुणीतरी."

६

रविवारी परदेशी पाहुण्यांचं स्वागत चिंचवडच्या शाळेच्या व्हरांड्यात झालं. हार दोनच होते आणि माइक नव्हता. दाखला मागे घेतल्याचं पत्र कारखानिसांनी सकाळीच इमारती बांधून घेणाऱ्या कंपनीला पोचवलं होतं आणि चिटणीसपदाचा राजीनामा अण्णासाहेबांच्या हाती दिला होता. ते आले, मागच्या बाकावर बसले. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, पुढंही बोलावलं नाही.

व्हरांड्यात गर्दी मात्र पाहुण्यांची नव्हती. बातमी रात्रीतच पसरली होती, आणि मोशीला ज्यांना खोल्या मिळायच्या होत्या ती माणसं रात्रपाळी संपवून तशीच आली होती, कुणी बायको-पोरांना घेऊन. शाळेच्या गेटपर्यंत रांग लागली होती. पडदे शिवणारी बाईही रांगेत होती.

अण्णासाहेबांनी पाहुण्यांना अदबीनं टेबलाकडे आणलं. चित्रानं हात आडवा धरला.

"यांना सांगा, रांग तिकडून आहे. ज्यांना तिथं राहायचं होतं ते आधी बघतील."

अण्णासाहेबांनी घाबरत घाबरत इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी क्षणभर चित्राकडे पाहिलं, मग मान लववली आणि गेटापाशी जाऊन एका फिटरच्या मागं उभे राहिले.

शाळेचं टेबल डुगडुगत होतं. डुगडुगत्या टेबलावर जोडी लागत नाही. चित्रानं पर्समधून बिनसहीचा माफीनामा काढला, त्याची नीट घडी घातली आणि आखूड पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. मग ती बसली, दोन्ही फोटो सावली आपल्याकडे घेऊन मांडले, आणि स्क्रू फिरवून भिंगं आपल्या डोळ्यांच्या मापाला आणली. खाली खाण होती, गुरुवारी दिसली होती तशीच.

"या मावशी," ती उठून पडदेवाल्या बाईला म्हणाली. "तुमच्या डोळ्यांचं माप घेऊ आधी."